तुरळक ठिकाणी पाऊस

आमच्या घरी हिवाळा थंडीनं सुरू व्हायचा नाही, बाबांच्या खडूनं व्हायचा. बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, धान पिवळा पडला, की बाबा गोंडपिपरीहून खडूची डबी घेऊन येत, विहाराच्या बाहेरच्या भिंतीवरचा काळा फळा ओल्या फडक्यानं पुसत आणि मधोमध एक उभी रेघ ओढत. डावीकडे वर लिहीत ‘सांगितलं’, उजवीकडे ‘झालं’. रेडिओवर, टीव्हीवर जे हवामान सांगत ते डावीकडे, आणि मग खरोखर जे झालं ते उजवीकडे. थंडी, धुकं, पाऊस, गारा, सगळं. उन्हं तापायला लागेपर्यंत हे चाले. गावातल्या कोणी विचारलं, की भाऊ, हा उद्योग पावसाळ्यात काऊन करत नाई, तर बाबा हसत. म्हणत, “पावसाळ्यात पाणी येते म्हणणाऱ्याले खोटं कोण पाडते? हिवाळ्यात बोलून दाखव म्हणा त्याले.”

तिशी ओलांडली नाही तोच ही आत्मकथन लिहायला बसली, असं माझे मित्र म्हणतात. त्यांचं खरं आहे. हे म्हातारपणी करायचं काम. पण चळवळीत वय वेगळ्या हिशेबानं वाढतं. निवेदनं देणं, उन्हात कचेरीसमोर बसणं, सभा संपल्यावर उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पुन्हा घरी आणणं, हे सगळं करून मी दमले आहे. पुढचं लिहायला आज हात वळत नाही, म्हणून मागचं लिहिते आहे.

पत्रकं तर आमच्या घरात धान्यापेक्षा जास्त. बाबा गोंडपिपरीच्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची बिलं हे पोटापाण्याचं काम, आणि पत्रकं हे जिवाचं. दारूच्या विरोधात, भगत-मांत्रिकाच्या विरोधात, जंगलातल्या हक्कांसाठी, जयंतीच्या मिरवणुकीसाठी. शाई फाकलेली, तिरपी छापलेली पत्रकं बाबा घरी आणत आणि माय त्यांचा घरात उपयोग करी. मांडणीच्या फळ्यांवर अंथरायला पत्रक, डब्याच्या तळाशी पत्रक, जवसाची चटणी बांधून द्यायला पत्रक. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं त्यांचीच. त्यामुळे शाळेत ‘कमळ बघ’ वाचायच्या आधी मी ‘जाब विचारा!’ वाचलं. मी पहिल्यांदा जी वाक्यं वाचली त्यांच्या शेवटी उद्गारचिन्हं होती, आणि आजही माझं लिहिणं तिकडेच धावतं. त्याला ओढून धरण्यात माझी अर्धी ताकद जाते.

बाबा बोलताना आमच्यासारखेच बोलत, पण फळ्यावर मात्र छापील मराठी लिहीत. अक्षर असं, की लांबून वाटावं खिळेच जुळवलेत. विहारावरूनच शेताचा रस्ता जायचा, त्यामुळे आमच्या वस्तीतले, गावातले, नाल्यापलीकडच्या गोंडांच्या पाड्यातले, सगळे फळ्यासमोरून जात. सकाळी विहारातल्या भोंग्यावर वंदना संपली, की घरोघरी चुली धुपायला लागत. आमच्याकडे रात्रीचा भात कांदा-मिरची टाकून परतलेला असे, कधी अंबाडीची आंबट भाजी, कधी सुकटीची चटणी. बाबा एका हातानं भात खात आणि दुसऱ्या हातानं रेडिओचा काटा सरकवत. हवामान लागलं, की माय पळीसुद्धा भांड्याला लावायची नाही. तेवढा मान ती रेडिओला द्यायची. बातम्या संपल्या की पळीचा आवाज जरा मोठाच यायचा.

बाबांचं म्हणणं साधं होतं. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं आणि मग मानायचं. हे भगताला लागू आहे तसं रेडिओलाही लागू आहे. आणि शेजाऱ्यालाही. आमची बांधी ज्यांच्या बांधीला लागून होती ते चिंधूभाऊ एकदा म्हणाले, “भाऊ, तुमचा रेडिओ ठेवा बाजूले. माह्या गुडघ्याले पाणी आधीच समजते.” बाबांनी खरोखर एक हिवाळा फळ्यावर तिसरा रकाना आखला, ‘चिंधूभाऊंचा गुडघा’. रोज सकाळी चिंधूभाऊ शेताकडं जाताना थांबत आणि मोठ्या गंभीरपणानं सांगत, दुखतो का नाही. तो हिवाळाभर दुखला. बाबा म्हणाले, “चिंधूभाऊ, मंग रोजच पाणी यायले पाह्यजे होतं.” चिंधूभाऊ म्हणाले, “गुडघा बरोबरच आहे, भाऊ. पाणीच आळशी झालं.” विहारापुढं बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बाबाही हसले, आणि संध्याकाळी त्यांनी गुडघ्याचा निकाल फळ्यावर जसा होता तसा लिहिला.

बाबांना खरा त्रास एका शब्दानं दिला. तुरळक. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.’ हे तुरळक ठिकाण कोणतं? आमच्या गावात थेंब पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं लिहिणं बाबांना अन्याय वाटे. मग ते चौकशा करत. एटापल्लीहून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर गोंडपिपरीच्या स्टँडवर चहाला उतरला, की बाबा छापखान्यातून शाईच्या हातांनीच धावत जात आणि विचारत, तिकडं रस्ता ओला होता का? राजुऱ्याचा एक कागदवाला छापखान्यात माल टाकायला यायचा, त्यालाही तेच. कंडक्टर वैतागून म्हणाला होता, “भाऊ, मी तिकीट फाडू का ढग पाहू?” पण पुढच्या खेपेला तो स्वतःच खिडकीतून ओरडला, “भाऊ, एटापल्लीले झोडपलं!” त्या संध्याकाळी बाबांनी उजव्या रकान्यात लिहिलं : ‘बरोबर. आपल्याकडे नाही.’

आज मी चंद्रपुरात राहते आणि माझ्या फोनवर तासातासाचं हवामान येतं. ढगाचं चित्र, थेंबाचं चित्र, शेजारी टक्के. ते पाहताना मला बाबांच्या त्या दोन छोट्या वाक्यांची आठवण होते. एवढं प्रामाणिक वाक्य मी नंतर कुठं वाचलं नाही. आणि एवढं घातकही नाही. कारण शेताकडं घाईत जाणारा माणूस त्यातलं शेवटचं तेवढंच वाचायचा. आपल्याकडे नाही.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्या हिवाळ्यात असं पुन्हा पुन्हा झालं. डावीकडे पाऊस, उजवीकडे ‘आपल्याकडे नाही’. ढग यायचे, बांधीवरून सावली टाकत जायचे आणि इंद्रावती नदीकडं कुठंतरी रिकामे व्हायचे. आमच्याकडं कोरडी थंडी. फळा भरत गेला आणि गावानं त्यातून स्वतःचा एक नियम काढला. कोणी काढला ते सांगता येणार नाही. पण एके दिवशी चिंधूभाऊ फळ्यासमोर उभे राहून डावा रकाना वाचत होते, ‘पावसाची शक्यता’, आणि वाचून झाल्यावर त्यांनी खांद्यावरचा विळा काढून बायकोला दाखवला. “चाल, आज कापाचा. भाऊनं पाणी लिहिलं.”

बाबा तिथंच होते. त्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांच्या हातातला खडू तुटला.

“चिंधूभाऊ, पाणी लिहिलं तं कापाचं कसं काय?”

“आता घ्या! तुमीच तं दाखवलं आमाले. पाणी लिहिलं का पाणी येत नाई. तुमच्या बोर्डाचं लय भलं होईल, भाऊ. पंचांगवाल्याले दक्षणा द्या लागते, तुमी फुकट सांगता.”

“अरे, तसं नाई त्याचं.”

“मंग कसं आहे? आलं का पाणी एकदा तरी?”

बाबांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. अंदाज आपल्यापुरता चुकला याचा अर्थ त्याच्या उलट बरोबर असा होत नाही. माणसं ऐकत होती, माना डोलवत होती आणि विळे घेऊन जात होती. आयुष्यभर भगताच्या कौलाविरुद्ध लिहिलेल्या माणसाच्या फळ्याचाच कौल झाला होता, आणि तोही उलटा. बाबांना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी पत्रक काढलं. ‘अंदाज चुकला म्हणजे उलटा खरा नव्हे!’ उद्गारचिन्ह माझं होतं. मी तेव्हा बारावीला होते, आणि आठवडी बाजारात वांग्या-टमाट्याच्या ढिगांमधून ते पत्रक वाटताना मी एवढ्या आवेशात बोलले, की एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, “कोणाले मारलं व बाई?” दुसऱ्या दिवशी चिंधूभाऊंच्या शिदोरीतला लसणाचा ठेचा त्याच पत्रकात बांधलेला मी पाहिला. मी ते पाहते आहे, हे त्यांनाही दिसलं. म्हणाले, “कागद चांगला आहे, पोरी. तेल पीत नाई.”

आता धानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. आमच्याकडं धान कापला की लगेच उचलत नाहीत. मूठ-मूठ कापून खुंटांवरच आडवा पसरून ठेवतात. याला कडपा म्हणतात. कडपा काही दिवस ऊन खातो, वाळतो, मग त्याचे भारे बांधायचे, भारे एका जागी रचून पुंजणा घालायचा आणि मळणीची वाट पाहायची. उभ्या धानावर थोडं पाणी पडलं तर तो सहन करतो. पुंजण्यावर पडलं तर वरचं भिजतं, आतलं राहतं. पण कडप्यावर पाणी पडलं तर त्याला कोणी वाचवू शकत नाही. तेवढे दिवस धान ना शेताचा असतो ना घराचा. मायच्या तीन बांध्या होत्या, नाल्याला लागून. बाबांचा पगार शाळेला, औषधाला, चळवळीला जाई. वर्षभर आम्ही जो भात खात होतो तो मायचा होता.

मायचा धान भारी जातीचा, उशिरा पिकणारा. त्या वर्षी तो पिकून झडायला लागला होता. बांधीतून चाललं, की पायाशी दाण्यांचा सडा पडे. कापायला पाड्यावरच्या सोमीबाईची टोळी दरवर्षी यायची. सोमीबाई त्या बायांची पुढारीण, मायपेक्षा मोठी, तंबाखू खाणारी, एका वाक्यात काम मिटवणारी. ती एका संध्याकाळी आमच्या अंगणात आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “बाई, आमची गाडी ठरली. तेलंगणात कापूस येचाले चाललो, तिथूनच मंग मिरचीले. उद्या कापाचा तं उद्या येतो. नाई तं मंग तुया धान अन तू.”

डावीकडे त्या दिवशी फळ्यावर पाऊस लिहिलेला होता.

रात्री माय जेवण वाढत होती. कोहळ्याची भाजी होती. तिनं बाबांना दुसऱ्यांदा भात वाढला आणि वाढता वाढता विचारलं, “कापू का नको?”

बाबा म्हणाले, “शक्यता आहे म्हणून सांगितलं त्यायनं.”

“त्यायचं नाई विचारून राह्यली. तुमचं विचारून राह्यली.”

“माह्या म्हणण्याले काय अर्थ आहे?”

“इतके वर्सं झाले, रोज उठून तुमी आभाळच पाहून राह्यले. एवढं पाहून माणसाले काही तं वाटत असंल ना? एका शब्दात सांगा. येते का नाई येते?”

बाबांनी घास खाली ठेवला. “मी सांगत नाई. मी फक्त तपासतो. येते म्हणून सांगणारे अन नाई येत म्हणून सांगणारे लय आहेत गावात. माह्यानं ते होणार नाई.”

मला बाबांचा तेव्हा फार अभिमान वाटला. मी म्हणाले, “बरोबरच आहे. बाबा काय भगत आहेत का, माय?”

“तू गप,” माय म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी गप्प झाले. “तुह्या पोटात त्याच बांधीचा भात आहे.” मग बाबांकडं वळून म्हणाली, “तुमी तपासा. उद्या धान कापून झाला का मंग तपासा. तुमचा बोर्डच म्हणते, पाणी आपल्याकडं येत नाई. सारं गाव कापून राह्यलं. मी एकटी काऊन झडवत बसू?”

त्यावर बाबांनी काय म्हणायला हवं होतं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. आणि तिच्या जागी असते तर मीही कापला असता.

सोमीबाईची टोळी आली. लख्ख ऊन पडलं होतं, आभाळ धुतल्यासारखं. विळ्यांचा करकर आवाज एका लयीत चालला होता आणि बाया एकमेकींच्या नवऱ्यांच्या चहाड्या सांगत होत्या. दुपारी बांधावर सगळ्यांनी भात आणि लाखोरीची भाजी खाल्ली. सोमीबाई ढेकर देऊन म्हणाली, “तुया नवरा पाणी पाणी करून राह्यला, बाई. मले तं घाम फुटला.” संध्याकाळपर्यंत तिन्ही बांध्या कापून झाल्या. टोळी घरी गेली आणि दुसऱ्या सकाळी गाडीत बसून तेलंगणात गेली.

ती गेली त्याच दुपारी वारा फिरला. आधी नुसता गारवा सुटला, मग पूर्वेकडून राखाडी ढग असे आले, की त्यांना कडाच नव्हती. मी शाळेतून परस्पर शेतात गेले. माय एकटीच भारे बांधत होती, अर्धवट वाळलेल्या कडप्याचे. थोड्या वेळानं बाबाही आले, गोंडपिपरीहून मिळेल त्या ट्रॅक्टरवर बसून. शर्ट काढून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवला आणि कामाला लागले. छापखान्यातली बोटं, धानाच्या पात्यांनी लगेच कापली. शेजारच्या बांधीत चिंधूभाऊ आणि त्यांची बायको तेच करत होते. मधला धुरा हातभर रुंद. मग चिंधूभाऊ कंबर सरळ करून म्हणाले, “का गा भाऊ, आज बोर्ड आमच्याशी बेइमान काऊन झाला?”

बाबा खाली वाकूनच म्हणाले, “बोर्ड होता तसाच आहे, चिंधूभाऊ.”

नाल्याच्या बाजूला वांदरं खकारली. एकदा, मग पुन्हा, दुसऱ्या झाडावरून. तिकडं वाघीण पिल्लं घेऊन फिरत होती हे सगळ्यांना माहीत होतं. दिवस बुडायच्या आत शेत सोडायचं, हा आमच्याकडचा नियम कोणी मोडत नाही, धानासाठीसुद्धा नाही. माय आणखी एक भारा, आणखी एक भारा करत राहिली. शेवटी बाबांनी तिच्या हातातून दोरी काढून घेतली. एक बांधी बांधून झाली होती. दोन बांध्या तशाच पसरलेल्या होत्या. आम्ही घरी पोचायच्या आत मोठे थेंब पडायला लागले.

बांधी बनवतातच पाणी धरून ठेवायला. चारी बाजूंनी धुरे, ठोकून पक्के केलेले. त्यांनी आपलं काम चोख केलं. सकाळी आम्ही गेलो तेव्हा मायचा कडपा पाण्यात तरंगत होता, काही ठिकाणी वाहून एका कोपऱ्यात गोळा झाला होता. बाबांनी फावडं घेतलं आणि धुरा फोडला. मायनं तो धुरा पावसाळ्याआधी स्वतःच्या हातानं बांधला होता. ती नुसती पाहत उभी राहिली. पाणी निघून गेलं, पण ऊन काही निघालं नाही. ढग तसेच बसून राहिले. आम्ही मूठ-मूठ उलटवत होतो, खालचं वर, वरचं खाली, आणि दाण्यांना सुईच्या टोकाएवढे पांढरे कोंब येत होते. आपलंच अन्न आपल्या डोळ्यांदेखत उगवायला लागतं, तेव्हा काय वाटतं, हे मला कुठल्याही पत्रकात लिहिता आलेलं नाही.

ज्यांनी कापला होता त्या सगळ्यांचंच असं झालं. ऊन निघालं त्या सकाळी माणसं विहारापुढं जमली. बोलावलं कोणी नव्हतं. बाबा खडू घेऊन आले तेव्हा सगळे बाजूला झाले. डावीकडे पाऊस लिहिलेला होताच. उजवी बाजू रिकामी होती.

“लिहा, भाऊ,” चिंधूभाऊ म्हणाले. “काय लिहिता ते पाहू द्या आमाले.”

बाबांनी लिहिलं, ‘बरोबर.’

कोणीतरी हसलं. मागून एक जण म्हणाला, “पुसून टाका तो बोर्ड. आधीच बरं होतं, काही समजत नव्हतं तं निदान भेव तरी वाटे.” दुसरा म्हणाला, “विहाराच्या भिंतीवर असा धंदा पाह्यजे कायले?” मला राहवलं नाही. मी पायरीवर चढले आणि बोलले. फळ्यावर पाऊस लिहिला होता, तुम्ही तो उलटा वाचला, बाबांनी पत्रक काढून सांगितलं, त्यात तुम्ही ठेचा बांधला, दोष तपासणाऱ्याचा की डोळे मिटणाऱ्याचा? भाषण चांगलं झालं. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. झाल्यावर कोणी काही बोललं नाही. आजही सभेत मी सगळं मुद्देसूद बोलते आणि समोर तशीच शांतता पडते. माणसं विरोधात नसतात. त्यांचा धान भिजलेला असतो.

माय शेतातून येत होती. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले. तिला पाहून माणसं जरा सरकली. ती फळ्यासमोर थांबली, ‘बरोबर’ वाचलं. तिचं वाचणं माझ्यासारखंच पत्रकांवर झालेलं, पण सावकाश.

“बोर्ड राहू द्या,” ती म्हणाली. “बोर्डानं नाई भिजवला. पाण्यानं भिजवला.” मग बाबांकडं वळली. सगळ्यांसमोर ती त्यांच्याशी सहसा बोलत नसे. “पण आता मी विचारलं तं सांगाचं. येते तं येते, नाई तं नाई. तुमी सांगाचं.”

“अन चुकलं तं?” बाबांनी विचारलं. खरोखर विचारलं, वाद घालायला नाही.

“चुकलं तं चुकलं. आमचं तं रोजच चुकते. तुमच्या एकट्याचं काय सोनं आहे?”

चिंधूभाऊ पुटपुटले, “हे बरोबर बोलली बाई.” माणसं पांगली. फळा राहिला.

कोंब आलेला धान माय वाळवत राहिली. जो वाळला त्याचे भारे करून आधीच्या भाऱ्यांवर रचले आणि एकच पुंजणा घातला. मिलमध्ये त्याचा अर्धा तांदूळ मोडणार हे ठरलेलंच होतं, आणि तसंच झालं. तो भात शिजला की लगदा व्हायचा, घास थोडा गोड लागायचा आणि ओल्या पोत्याचा वास यायचा. अंबाडीच्या भाजीखाली तो वास दबतो. त्या वर्षी आम्ही अंबाडी फार खाल्ली. अजून माझ्यापुढं कोणी हौसेनं अंबाडीची भाजी ठेवली, की मी पहिला घास जरा थांबून घेते.

पण त्याआधी, पुंजणा मळणीची वाट पाहत उभा असताना, रेडिओ पुन्हा बोलला. तुरळक ठिकाणी. मळणीच्या मशीनचा नंबर लागायला वेळ होता. माय चुलीपुढं होती. तिनं पळी खाली ठेवली, मान वळवली आणि बाबांकडं नुसतं पाहिलं.

बाबा उठून अंगणात गेले. बराच वेळ उभे राहिले. काय पाहत होते कोण जाणे, आभाळात दोन पांढऱ्या रेघा होत्या फक्त. मोरीवर जाऊन त्यांनी हात धुतले, धुतलेलेच पुन्हा धुतले. मी दारातून पाहत होते. इतकी वर्षं ज्या माणसाला मी मोर्च्यात, पोलिसांसमोर, भगताच्या अंगणात ताठ उभं पाहिलं होतं, त्याचे खांदे मला त्या दिवशी पहिल्यांदा आखडलेले दिसले. ते आत आले आणि म्हणाले, “झाका.”

“झाका?” मायनं खात्री करून घेतली.

“झाका. पाणी येते.”

छापखान्यातून त्यांनी कागदावर टाकायची मोठी ताडपत्री मागून आणली. आम्ही तिघांनी ती पुंजण्यावर ओढली, कडा दगडांनी दाबल्या, कुठं फट ठेवली नाही. पाऊस आला नाही. पहिल्या दिवशी ढग होते. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, राहू द्या, अजून गेला नाही. त्यानंतर ऊन पडलं, आणि ते आणखी एक दिवस थांबा म्हणाले, आणि माय थांबली. एटापल्लीचा कंडक्टर म्हणाला, तिकडंही नाही. राजुऱ्यालाही नाही. तुरळक ठिकाण कुठंच सापडलं नाही.

ताडपत्री काढायला आम्ही गेलो तेव्हा सकाळचं ऊन चांगलं चढलं होतं. मायनं एक कोपरा उचलला आणि आतून वाफ आली, आंबलेल्या पेजेसारखा वास घेऊन. कच्चे वाळलेले भारे आतल्या आत तापले होते. बाबांनी पुंजण्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. वरच्या थरातले दाणे काळे पडले होते. बाबा तसेच उभे राहिले, हात पुढं धरून.

“मीच म्हटलं झाका,” ते म्हणाले.

मायनं एक लोंबी ओढली, दाणा दाताखाली धरून फोडला, चावून पाहिला आणि थुंकला. मग दुसऱ्या भाऱ्यातला पाहिला. तो तिनं गिळला.

“आतले आहेत बरे,” ती म्हणाली. तिनं बाबांकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पुष्कळ दिवसांत मी तिला अशी पाहिली नव्हती. “आता झाले तुमी शेतकरी,” असं म्हणून तिनं ताडपत्रीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. “धरा. तिकडून ओढा.”